तीन पेल्यांचा चहा

सन १७८६ च्या शरद ऋतूत युआन मेई हा चिनी कवी फुजियान प्रांतातल्या वुयी पर्वतात हिंडायला गेला. तेव्हा तो सत्तरीला पोचला होता. खाण्यापिण्याचा मोठा दर्दी, आणि मूळचा हांगचौचा. म्हणजे लोंगजिंग हा नावाजलेला हिरवा चहा ज्या गावच्या टेकड्यांवर पिकतो, तिथला. वुयीचा चहा त्याला कधीच रुचला नव्हता. दाट, कडू, औषध प्यायल्यासारखा, असे त्याचे मत होते. पण डोंगरातल्या मठांमधले भिक्षू आणि ताओपंथी साधू चढाओढीने त्याच्यापुढे चहा ठेवू लागले. पेले अक्रोडाएवढे, चहादाणी महाळुंगाएवढी. एका वेळी हाती येणारा चहा इतका थोडा की घटाघटा पिऊन मोकळे होण्याची सोयच नव्हती. आधी वास घ्यायचा, मग जिभेवर घ्यायचा, सावकाश घोळवायचा. एक पेला झाला, दुसरा झाला, आणि म्हाताऱ्याचे मत पालटले. आपल्या गावचा लोंगजिंग नितळ खरा, पण या चहापुढे पातळ पडतो, असे त्याने पुढे १७९२ मध्ये निघालेल्या आपल्या पाककलेच्या पुस्तकात लिहून ठेवले. वुयीच्या पानांवर तीनदा पाणी घातले तरी चव सरत नाही, ही नोंदही तिथेच आहे.

चहा तोच होता, करण्याची रीत निराळी होती. या रीतीला गोंगफू चहा म्हणतात. गोंगफू म्हटले की आपल्याला हाणामारीचे चित्रपट आठवतात, पण चिनी माणसाला त्या शब्दातून ऐकू येते ते सरावाने कमावलेले कसब आणि त्यासाठी मन लावून दिलेला वेळ. स्वयंपाक्याला, सुताराला, पैलवानाला जे लागते तेच चहा करणाऱ्यालाही लागते, एवढाच त्याचा अर्थ.

आज या चहाची चित्रफीत पाहिली तर त्यात रेशमी कपडे, मंद संगीत आणि नृत्यासारखे फिरणारे हात दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, हा कुठला तरी विधी आहे. माझे म्हणणे असे की या रीतीत विधीसाठी केलेली हालचाल जवळजवळ नाही. पेल्यांवर गरम पाणी का ओतायचे, किटली उंच का धरायची, चहादाणी शेवटच्या थेंबापर्यंत का निथळायची, या प्रत्येक गोष्टीला पानाच्या आणि पाण्याच्या स्वभावातून आलेले कारण आहे. ते कारण कळले की रेशमी कपड्यांची गरज उरत नाही. आणि या रीतीचे खरे घर जिथे आहे, तिथे ते कपडे कोणी घालतही नाही.

ते घर म्हणजे छाओचौ. ग्वांगडोंग प्रांताच्या पूर्व टोकाला, फुजियानच्या सीमेला लागून हा मुलूख आहे. छाओचौ, शानतौ बंदर आणि आसपासचा प्रदेश मिळून त्याला छाओशान म्हणतात. इथली बोली शेजारच्या कँटनपेक्षा दक्षिण फुजियानच्या बोलीला जवळची. इथे औषधाच्या दुकानात, गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीत, घराच्या ओसरीवर, सगळीकडे एक गोल तबक असते. त्यावर छोटी चहादाणी किंवा झाकणाचा वाडगा आणि तीन पेले. गिऱ्हाईक आले की आधी पाणी तापते, भावाची बोलणी नंतर. चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत छाओचौचा गोंगफू चहा २००८ मध्ये आला. युनेस्कोने २०२२ मध्ये चीनच्या पारंपरिक चहा-प्रक्रिया आणि त्यांच्याशी जोडलेल्या चालीरीतींना जागतिक यादीत घेतले, त्या नोंदीतही तो आहे. यादीत येण्याआधी दोन-अडीचशे वर्षे तो त्या तबकांवर होताच.

ही रीत कळायची तर आधी ज्या पानासाठी ती घडली ते पान पाहायला हवे. चहाचे झाड एकच, कमेलिया सायनेन्सिस. पाने तोडल्यावर लवकरच उष्णता देऊन त्यांतली एन्झाइमे निकामी केली की हिरवा चहा होतो. पाने पुरती मळून, चुरगाळून त्यांचे ऑक्सिडीकरण तडीस जाऊ दिले की आपल्या ओळखीचा काळा चहा होतो. ऊलोंग या दोहोंच्या मधला. मधला म्हणून सोपा मात्र नाही. मला तर तो चहाच्या सगळ्या प्रकारांत सर्वांत अवघड वाटतो, कारण इथे माणसाला अर्ध्या वाटेवर नेमके थांबायचे असते.

छाओचौच्या उत्तरेला फेंगह्वांग पर्वत आहे. तिथला दानत्सोंग हा ऊलोंग छाओचौकरांचा जीव की प्राण. पाने उन्हे असताना तोडतात, उतरत्या उन्हात पसरून कोमेजू देतात, मग सावलीत निवू देतात. खरे काम रात्री सुरू होते. बांबूच्या मोठ्या सुपांत पाने घेऊन दोन्ही हातांनी ती हलकेच वर उचलायची, एकमेकांवर आपटू द्यायची, परत पसरून ठेवायची. साधारण दोन तासांनी पुन्हा तेच. रात्रभरात असे पाच-सहा वेळा. या धक्क्यांनी पानांच्या कडा दुखावतात, पेशी फुटतात, रसाला हवा लागते आणि कडा तांबूस होऊ लागतात. मधला भाग हिरवाच राहतो. पान अजून जिवंत असते. पाणी तुटलेले, अंगावर मार, अशा अवस्थेत ते स्वतःच्या बचावासाठी सुगंधी द्रव्ये तयार करू लागते. लिनालूल, नेरोलिडॉल, इंडोल ही त्यांतली काही. लिनालूल आणि इंडोल जाईच्या फुलातही असतात. म्हणून चांगल्या ऊलोंगला फुलांचा वास येतो. त्यात एकही फूल घातलेले नसते. पहाटेच्या सुमाराला वास अमुक वळणावर आला, असे कारागिराच्या नाकाला वाटले की पाने तापलेल्या कढईत पडतात आणि सगळे जागच्या जागी थांबते. मग वळणे, वाळवणे, आणि पुढे कोळशाच्या मंद धगीवर भाजणे.

दानत्सोंगची गंमत अशी की जुन्या एकेका झाडाचा वास वेगळा निघतो, म्हणून निवडक झाडांची पाने वेगळी तोडून वेगळी करण्याची परंपरा पडली. त्या झाडांच्या कलमांतून पुढे वाण झाले आणि वाणांना वासांची नावे मिळाली: मधाळ ऑर्किड, गार्डेनिया, बदाम. एका वाणाचे नाव तर ‘बदकाच्या विष्ठेचा सुगंध’ असे आहे. शेजाऱ्यांनी कलमे चोरू नयेत म्हणून मालकाने मुद्दाम असे किळसवाणे नाव सांगितले, अशी कथा आहे. २०१४ मध्ये या वाणाला सभ्य नाव देण्यात आले, पण लोक जुनेच नाव घेतात आणि आनंदाने पितात.

आता हे पान चहादाणीत पडले की काय होते ते पाहू. आपण घरी उकळतो ती पूड सीटीसी पद्धतीची. पान चिरडून, फाडून, गोळी करून बनवलेली. ही यंत्रे १९३० च्या सुमारास आसामात आली. पान इतके फाडलेले असते की त्यातले जे काही आहे ते एका उकळीत बाहेर येते. म्हणून दूध आणि साखर सोसणारा कडक चहा तिच्यापासून होतो, आणि म्हणूनच दुसऱ्यांदा त्या गाळात काही उरत नाही. ऊलोंगचे पान अखंड असते, पिळवटून वाळवलेले. त्यातली द्रव्ये एकदम सुटत नाहीत. सुगंध आणि कॅफीन आधी, तुरटपणा देणारी कॅटेचिने जरा मागून. पाने जास्त, पाणी थोडे आणि वेळ अगदी कमी ठेवला, तर हे थर एकामागून एक वेगळे पिता येतात. तेच पान मोठ्या भांड्यात दहा मिनिटे भिजत ठेवले की सगळे थर एकत्र होतात आणि युआन मेईला आवडत नसलेला काढा तयार होतो. गोंगफू रीतीचे सगळे शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरते.

प्रमाण ऐकून नवखा माणूस दचकतो. शंभर मिलिलिटरच्या भांड्यात सात ते आठ ग्रॅम पाने. छाओचौत तर कोरड्या पानांनीच चहादाणी सत्तर-ऐंशी टक्के भरते. पाणी उकळते. वेळ पाच ते दहा सेकंद.

छाओचौकर चार साधनांना या चहाची चार रत्ने मानतात. पहिले लाल मातीची उंच, सडपातळ शेगडी. दुसरे तिच्यावर बसणारी पातळ मातीची छोटी किटली. पाण्याला उकळी आली की तिचे झाकण आपोआप खडखडते. जळणाला उत्तम म्हणजे काळ्या चिनी ऑलिव्हच्या कोयांचा कोळसा. त्याला धूर नाही, घाण वास नाही आणि ज्योत निळसर. तिसरे चहादाणी. तिला मेंगछेन म्हणतात. ह्वेइ मेंगछेन हा मिंग काळाच्या अखेरीचा यीशिंगचा कुंभार. त्याचा शिक्का मारलेल्या नकला एवढ्या निघाल्या की त्याचे नाव एका घडणीचेच नाव होऊन बसले. चौथे रत्न म्हणजे रुओछेन पेले: पातळ, उथळ, आतून पांढरेशुभ्र. पांढरे यासाठी की चहाचा रंग दिसावा, पातळ यासाठी की काठाने ओठ भाजू नयेत आणि पेल्याने चहाची ऊब शोषून घेऊ नये.

चहादाणीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. यीशिंग हे जिआंगसू प्रांतातले, थायहू सरोवराजवळचे गाव. तिथली जांभळट माती झिलई न देता भाजतात. यीशिंगचा कुंभार चहादाणी चाकावर चढवत नाही. तो मातीचा पत्रा बडवतो, कापतो, वळवतो आणि सांधतो. छाओचौचा कुंभार मात्र लाल मातीची चहादाणी चाकावर ओढतो. दोन्हींत झिलई नसल्याने भिंत किंचित रंध्रमय राहते, चहाचा अंश धरून ठेवते. म्हणून एका चहादाणीत एकाच जातीचा चहा, असा नेम पडला. वर्षानुवर्षे वापरलेल्या चहादाणीत नुसते पाणी ओतले तरी चहा होतो, अशी बढाई मारणारे भेटतात. ती बढाईच.

अशा जुन्या चहादाणीवरून छाओचौची एक गोष्ट चिंग काळापासून सांगितली जाते. एका धनाढ्य चहाशौकिनाच्या दारी एक भिकारी आला आणि म्हणाला, तुमचा चहा नामी असतो असे ऐकले, एक पेला मिळेल का? शेटजी हसला, तुला काय कळते चहातले? भिकारी म्हणाला, मीही एके काळी श्रीमंत होतो, चहापायीच घर बुडाले. पेला रिकामा करून त्याने निकाल दिला: चहा चांगला, पण चहादाणी नवी आहे, म्हणून गोडी अजून उतरली नाही. मग त्याने काखेतून आपली चहादाणी काढली. उपासमारीतही त्याने ती विकली नव्हती. तिच्यातून चहा करून पाहताच शेटजी वेडावला आणि ती विकत मागू लागला. भिकाऱ्याने सांगितले, सगळी नाही विकणार. निम्मे पैसे द्या. त्यात माझे घर चालेल, आणि मी रोज इथे येऊन तुमच्याबरोबर तिच्यातला चहा पिईन. दोघे अखेरपर्यंत त्या चहादाणीचे भागीदार राहिले. गोष्ट खरी असो नसो, चहापायी घर बुडणे त्या मुलखाला शक्य कोटीतले वाटत होते, हे तिच्यातून दिसते. त्याला कागदी पुरावाही आहे. दक्षिण फुजियानमधल्या लोंगशी परगण्याच्या १७६२ च्या दप्तरात लिहिले आहे की लोक लांबून वुयीचा चहा मागवतात, अमक्याचीच चहादाणी, अमक्याचेच पेले, अमक्याचीच शेगडी असा हट्ट धरतात, आणि डोंगरकपारीतल्या गरीब गावांनाही हा नाद लागला आहे. युआन मेईच्या चोवीस वर्षे आधीची ही नोंद. गोंगफू चहा विद्वानांच्या बैठकीत जन्मला आणि खाली झिरपला, ही समजूत मला म्हणूनच पटत नाही.

आता प्रत्यक्ष करणे. पाणी आधी. आठव्या शतकात चहावरचा पहिला ग्रंथ लिहिणाऱ्या लू यूने डोंगराचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम, विहिरीचे कनिष्ठ असा क्रम लावला. आजच्या भाषेत सांगायचे तर जड पाण्यात चहा मरतो. त्यातले कॅल्शियम चहाच्या पॉलिफिनॉलांशी जुळून वर तवंग धरते आणि वास दबून जातो. पाण्याला उकळी येईपर्यंत चहादाणी आणि पेले गरम पाण्याने तापवून घ्यायचे. भांडे एवढे छोटे की ते थंड राहिले तर उकळते पाणीही क्षणात उतरते.

चहादाणी रिकामी करून पाने भरायची, आणि तीही शिस्तीने. कागदावर पसरून भरड, मध्यम आणि चुरा असे भाग करायचे. भरड पाने तळाला आणि तोटीच्या तोंडाशी, चुरा मध्ये, मध्यम पाने वर. चुरा तोटीपाशी गेला तर तोटी तुंबते आणि पाच सेकंदांचा चहा तीस सेकंदांचा होऊन कडवट होतो. हाताला कितीही घाई असली तरी ही पायरी छाओचौत जुनी माणसे चुकवत नाहीत.

मग किटली उंच धरून, चहादाणीच्या कडेकडेने धार सोडायची. उंचीमुळे धारेला जोर येतो, पाने ढवळली जातात, पाणी सगळीकडे पोचते. नेमके मधोमध ओतणे वर्ज्य, कारण मधल्या चुऱ्यावर धार आदळली की तुरटपणा एकदम सुटतो. वर फेस येतो तो झाकणाने अलगद सारायचा, झाकण लावायचे आणि चहादाणीवरूनच उकळते पाणी ओतायचे. त्याने फेस धुऊन जातो आणि आतली उष्णता टिकते. पहिले पाणी बहुतेक जण पेले धुवायला वापरतात. त्यावरून एक समजूत फिरते की या पहिल्या धुण्यात बहुतेक कॅफीन निघून जाते. तसे होत नाही. काही सेकंदांत त्यातला थोडासाच अंश बाहेर येतो, बाकीचे तुमच्याच पोटात जाते.

ओतणे हा या कलेचा गाभा आहे. तिन्ही पेले एकमेकांना चिकटवून त्रिकोणात मांडलेले असतात. किटली उंच होती, चहादाणी मात्र पेल्यांना जवळजवळ टेकेल इतकी खाली. उंचावरून ओतला तर वास हवेत जातो, चहा निवतो आणि फेसाळतो. एक पेला भरून दुसऱ्याकडे जायचे नाही. चहादाणी तिन्ही पेल्यांवरून गोल गोल फिरत राहते, दर फेरीला प्रत्येकात थोडे थोडे. कारण चहादाणीतून आधी येणारा चहा फिका असतो आणि शेवटचा गडद. ओळीने भरले तर पहिल्या पाहुण्याच्या वाट्याला रंगीत पाणी आणि तिसऱ्याच्या वाट्याला काढा. या फेऱ्यांना ‘ग्वान गोंगची नगरफेरी’ म्हणतात. ग्वान गोंग हा तीन राज्यांच्या काळातला सेनापती, पुढे देव झालेला. नाटकांत त्याचा चेहरा लालबुंद रंगवतात. लाल, वाफाळती चहादाणी तटावरून गस्त घालते ती अशी. शेवटी थेंब उरतात, तेही एकेक करून तिन्ही पेल्यांत समान टिपायचे. हे ‘हान शिनची सैन्यगणती’. हान घराण्याच्या स्थापनेत लढलेल्या या सेनापतीचे नाव थेंबांच्या मोजणीला दिले आहे. शेवटचे थेंब सर्वांत दाट, म्हणून त्यांची वाटणी सर्वांत काटेकोर. आणि ते आत राहू देता येत नाहीत. राहिले तर पाने त्यांत भिजत पडतात आणि पुढच्या पाण्यात कडूपणा उतरतो. दोन सेनापतींच्या नावांखाली अर्क उतरण्याचे गणित दडले आहे, आणि ते रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय लोकांनी सोडवले.

१९५७ मध्ये वेंग ह्वेइदोंग या छाओचौच्या अभ्यासकाने ही सगळी रीत एका छोट्या ग्रंथात मांडली. पुढच्या काळात तिच्या एकवीस पायऱ्या ठरवल्या गेल्या. शिकवायला त्या सोयीच्या आहेत. टपरीतला माणूस मात्र त्या मोजत नाही. तीन पेल्यांचा नेमही फार जुना नसावा. १८०१ च्या सुमारास यू जिआओ नावाच्या अधिकाऱ्याने छाओचौकडच्या चहाचे वर्णन केले, त्यात पेल्यांची संख्या पाहुण्यांप्रमाणे असे स्पष्ट म्हटले आहे. आज पाहुणे पाच असोत की आठ, पेले तीनच. कोणी ना कोणी दर फेरीला थांबते, दुसऱ्याला पुढे करते, पेला गरम पाण्याने धुऊन पुन्हा तबकात येतो. यजमान बहुधा शेवटी पितो.

ही रीत चिंग काळातच का निर्माण झाली, याचे उत्तर मागच्या इतिहासात आहे. थांग काळात चहाच्या वड्या भाजून, कुटून, पाण्यात मीठ घालून उकळत. सोंग काळात पूड काळ्या वाडग्यात घुसळून फेस काढत; सम्राट ह्वेइझोंगने त्यावर स्वतः ग्रंथ लिहिला. १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने वड्यांची खंडणी बंद करून सुटी पाने मागवली. पाने भिजवून पिणे रुळले, त्यासाठी चहादाणी आली. पुढे वुयीत ऊलोंग निपजला, त्याला छोटी चहादाणी मानवली.

इथे मुंबईचा एक धागा येतो. युरोपात वुयीचाच चहा ‘बोही’ या नावाने जाई. १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात ज्या ३४२ पेट्या फेकल्या गेल्या, त्यांत बहुतेक बोही होता. हा चहा विकत घ्यायला इंग्रजांना चांदी पुरेना, म्हणून हिंदुस्थानातला कापूस आणि अफू कँटनला जाऊ लागली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चढे. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती या चीन व्यापारातली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभे राहिले. पुढे १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून चिनी वेष करून वुयीपर्यंत पोचला आणि त्या मोहिमेतून चहाची रोपे आणि कारागीर हिमालयातल्या मळ्यांसाठी आणले गेले. रोप आले, कारखाना आला. तीन पेले मात्र आपल्याकडे आले नाहीत. ते गेले दुसऱ्या वाटेने: शानतौ बंदर १८६० मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले, लाखो छाओचौकर बँकॉक, सिंगापूर, मलायात पोटासाठी गेले आणि त्यांच्या दुकानांतून तबके मांडली गेली.

आज जगभर जो गोंगफू चहा शिकवला जातो त्यावर तैवानची मोठी छाप आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत तैवानात चहाची नवी आवड उसळली. तैपेईत विस्टेरिया चहागृह १९८१ मध्ये सुरू झाले. वास घेण्यासाठीचा उंच, अरुंद पेला तिथलाच. आणखी एक मोठा बदल म्हणजे वाटणीचा गडवा. चहा आधी त्यात ओतायचा, तिथे तो एकजीव होतो, मग पेल्यांत. सोय निःसंशय आहे. पण ग्वान गोंग आणि हान शिन दोघेही त्या एका भांड्याने घरी बसवले, आणि चहा एक भांडे जास्त फिरल्याने निवतो. इतिहासकार लॉरेन्स झांग यांनी दाखवून दिले आहे की तैवानमार्गे पुन्हा चीनभर पसरलेल्या या ‘चहाकले’च्या डौलावर जपानी चहाविधीचा ठसा आहे. मला त्या डौलाचे वावडे नाही. मात्र तो पाहून कोणी हे आपल्याला जमणार नाही असे समजू नये.

एका प्रलोभनापासून सावध राहावे. ‘जुन्या झाडाचा’ चहा म्हणून वाट्टेल ते दर लावले जातात. वुयीच्या कड्यावरच्या दा होंग पाओ या नावाजलेल्या ऊलोंगच्या मूळ झुडपांची तोडणी २००५ नंतर झालेली नाही आणि त्या शेवटच्या तोडीतले वीस ग्रॅम २००७ मध्ये चीनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले गेले. बाजारात त्या नावाने मिळतो तो कलमांचा किंवा मिश्रणाचा चहा. तो उत्तम असू शकतो, पण त्या झुडपांचा नसतो.

घरी करायचे तर यीशिंगची चहादाणी नको. शंभर मिलिलिटरचा, झाकण असलेला पांढरा चिनी मातीचा वाडगा पुरे. छाओचौत स्वतः लोक आज रोज हाच वापरतात. अखंड पानाचा ऊलोंग पाच ग्रॅम, नंतर हवा तर वाढवा. वाडगा तापवा, पाणी उकळते घाला, पाच-सात सेकंदांत सगळे निथळून काढा. दुसरे, तिसरे पाणीही तेवढ्याच वेळाचे, पुढे दर खेपेला थोडे थोडे वाढवत जा. रिकाम्या पोटी हा चहा पिऊ नये. पाने भरपूर असल्याने कॅफीनही कमी नसते, आणि गरगरल्यासारखे होते. छाओचौत म्हणून सोबत शेंगदाण्याची चिक्की किंवा मुगाच्या पिठाची गोड वडी असते. चांगली पाने सात-आठ पाणी सहज देतात. रंग उतरला, चव गोडसर पाण्याची झाली की पाने टाकून द्यावीत. त्याआधीच कोणी नवा पाहुणा आला, तर ती आणखी दोन पाणी देतील असे वाटत असले तरी टाकून नवी घालावीत; वापरलेल्या पानांचा चहा नव्या माणसापुढे ठेवणे छाओचौत अनादर समजला जातो.